टाकीवर दोन टिचक्या

मुंबईत हिवाळा पडतो यावर मनापासून विश्वास असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लालबागच्या चाळीत पंखा एका आकड्याने कमी झाला की साडूभाऊंची माकडटोपी बाहेर यायची. पण स्वतःपेक्षा त्यांना काळजी पिकअपची. नाशिककडच्या मळ्यांतून गुलाब भरायचे आणि पहाटे निघून दादरच्या फुलबाजारात उतरवायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा धंदा. तिकडची थंडी गाडीला बाधते म्हणून दिवाळी ते होळी डिझेलची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नेम. एकादशी मोडली तरी चालेल, पण हा नेम मोडायचा नाही. "रिकामी टाकी रातीची रडता रे बाबा," ते मला समजावत. टाकीत जितकी जागा मोकळी, तितकं आतून दव धरतं, ते पाणी डिझेलखाली जाऊन बसतं आणि ऐन घाटात गाडीचा गळा धरतं. पुरावा म्हणून फिल्टरमधून काढलेलं पाणी त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत जपलं होतं. ती बाटली खिडकीत गंगाजलाशेजारी असे. एका सत्यनारायणाला गुरुजींनी तीर्थासाठी नेमकी तीच उचलली, तेव्हा कधी घाई न करणारे साडूभाऊ सोवळ्यातल्या माणसावर झेपावले होते.

गाडीतला डिझेलचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावर अडकलेला. तो त्यांनी दुरुस्त केला नाही, कारण काट्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. वाकून टाकीवर बोटाने दोन टिचक्या मारायच्या, कान तिरपा करायचा आणि सांगायचं, "पाऊण." पंपावर जाऊन बघावं तर पाऊणच. ही विद्या ते टाकीपुरती ठेवत नसत. कलिंगड, गॅसचा सिलिंडर, चाळीच्या गॅलरीतली पाण्याची पिंपं, सगळ्यांवर टिचक्या. जेवायला बसलो की माझ्या पोटावरसुद्धा. "जागा आहे हो अजून, वाढ त्याला," असं ते माझ्या मेव्हणीला सांगत. ती म्हणायची, "लग्नात माझ्या डोक्यावर मारली असतीत टिचकी, तर कळलं असतं, रिकामंच आहे म्हणून हो म्हणाली!"

आता जे सांगायचं ते मी फार दिवस गिळून बसलो होतो.

गावच्या वाटणीत वडिलांचं सागवानी कपाट माझ्या वाट्याला आलं. ते चिपळूणहून आणायचं होतं. साडूभाऊ गाडी कुणाला देतच नसत, आणि दिली तरी मुंबईबाहेर नाही. म्हणून मी त्यांना सांगितलं की कपाट माझगावहून आणायचंय. त्यांनी आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरली, किल्ली दिली, वर म्हणाले, "स्पीडब्रेकरला सांभाळ, म्हातारी आहे." मी रातोरात चिपळूण गाठलं आणि दुपारच्या आत परत आलो. येताना पंपावर ही लांब रांग. मी दमलो होतो. उद्या बघू म्हटलं.

पण त्यांना त्याच दुपारी निघायचं होतं. माझ्यासमोर त्यांनी टिचक्या मारल्या. थांबले. करंगळीने कान साफ करून पुन्हा मारल्या. "पोकळ येतोय रे आवाज," ते पुटपुटले आणि मग स्वतःलाच हसले. "भरलीय तर मीच. माझगावला जाऊन असं किती जाणार? कान म्हातारा झाला." मी तिथे उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो.

मळ्यावर पोचून त्यांनी पुन्हा टाकी वाजवली म्हणे, पण कानावरचा भरवसा उडालेला. तळाशी उरलेलं डिझेल रात्रभर थंडीत राहिलं आणि पहाटे गुलाब भरून निघालेली गाडी कसाऱ्याच्या घाटात बंद पडली. फिल्टरमध्ये पाणी. मेकॅनिक मिळेपर्यंत दादरचा बाजार उठला होता. मान टाकलेले गुलाब त्यांनी चाळीत दारोदार वाटले. कुणाकडे लग्न आहे, असं पोस्टमन विचारत होता.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "मी तुला टाकी भरून दिली होती ना रे? नीट आठवून सांग." रागाने नव्हे, अगदी हळू, डॉक्टरला विचारावं तसं. मी म्हणालो, "लक्षात नाही, दादा."

त्यांनी मान हलवली. कान गेला, आता डोकंही चाललं, अशा माणसाने घाटात गाडी घालू नये, असं त्यांनी आपलं आपण ठरवलं. होळीच्या आत पिकअप विकली. नेणारा आला तेव्हा मीही होतो. तेव्हाही गप्प.

यंदा डिसेंबरात मात्र राहवेना. साडूभाऊ माकडटोपी घालून गॅलरीत बसले होते. मी म्हटलं, "दादा, गाडी माझगावला नव्हती नेली. चिपळूणला नेली होती." ते माझ्याकडे वळले. मग हात पुढे करून माझ्या छातीवर दोन टिचक्या मारल्या आणि कान तिरपा केला.

"तळाला आहे अजून काहीतरी," ते म्हणाले. "बोल."

मग ते 'लक्षात नाही' खोटं होतं, हेही सांगितलं. शिव्या खायच्या तयारीने मी मान खाली घातली. त्यांनी विचारलं एवढंच, "म्हणजे आवाज पोकळच होता?"

"पोकळच होता, दादा."

ते उठले. टोपी कानांवरून वर सरकवली आणि गॅलरीच्या टोकापर्यंत शेजाऱ्यांच्या पिंपांवर एकेक टिचकी मारत चालत गेले. "अर्धं... भरलेलं... पाव..." मी त्यांच्या मागोमाग एकेक झाकण उचलून बघत होतो. एकही चुकलं नाही.