साडूभाऊंचा वस्तरा

माझ्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस उभ्या बडोद्यात झाला नाही, आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. सावध म्हणजे भित्रा नव्हे, असं ते स्वतः बजावून सांगतात. आपण हो म्हणावं आणि विषय बदलावा. शहराबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, सेफ्टी काही सुटली नाही. वासणा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कलिंगड चिरायचं झालं तरी आधी सगळ्यांना मागे सरकवलं जातं. उत्तरायणात अख्खी सोसायटी गच्चीवर पतंगापायी उलटीपालटी होत असते, तेव्हा हे गळ्याला मफलर, बोटांना चिकटपट्ट्या आणि डोळ्यांना कारखान्यातला जाड चष्मा अशा थाटात पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभे असतात आणि पतंग मात्र उडवत नाहीत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी त्यांनी माईक हातात घेतला. लोकांना वाटलं, जेवणाच्या पंगतीबद्दल काही सांगायचं असेल. ते म्हणाले, "आग लागल्यास कुणीही धावू नये. डाव्या दाराने बाहेर पडून लिंबाच्या झाडाखाली जमावं." भटजींनी अंतरपाट धरला तेव्हा निम्मे वऱ्हाडी डावं दार कुठलं ते शोधत होते.

असा हा माणूस एका सकाळी मला फोन करून म्हणाला, "साडूभाऊ, मी वस्तरा घेतलाय." मी सुभानपुऱ्यात आमच्या बाल्कनीत चहा पीत होतो. तो निम्मा बशीत आणि निम्मा लेंग्यावर गेला. साडूभाऊंनी जन्मात सुरीला हात लावलेला नव्हता. घरात लिंबूसुद्धा ताई कापून देत. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण.

कारण होतं नाना. नाना म्हणजे साडूभाऊंचे वडील, नव्वदी ओलांडलेले, आणि दाढीच्या बाबतीत भलतेच हट्टी. तरुणपणापासून ते खंडेराव मार्केटजवळच्या एकाच न्हाव्याकडे जात, वस्तऱ्याने गाल गुळगुळीत करून घेत आणि येताना भाजी आणत. मग नाना पडले, खुब्याचं हाड मोडलं, जिना उतरणं बंद झालं. न्हावी बिचारा घरी येऊ लागला, पण त्याचंही वय झालं आणि तो मुलाकडे सुरतेला राहायला गेला. सलूनमधली पोरं मशीन घेऊन आली, तर नानांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. साडूभाऊंनी आपलं नेहमीचं प्लास्टिकचं रेझर पुढे केलं, तर म्हणाले, "याने वांगी सोल." दाढी वाढत गेली आणि नाना आत आत जात राहिले. आधी त्यांनी बाल्कनीत बसणं सोडलं. मग खालच्या मजल्यावरचे कांतिभाई संध्याकाळी गप्पांना यायचे, त्यांना "झोपलेत म्हणून सांग" असं सुरू झालं. मग आरशावर टॉवेल आला. "असल्या तोंडाने मी माणसांत बसणार नाही," एवढंच ते म्हणत. साडूभाऊंना त्या टॉवेलाची धास्ती बसली होती. नाना असेच भिंतीकडे तोंड करून पडून राहिले तर पुन्हा उठणार नाहीत, असं त्यांनी मला जिन्यात उभं राहून हळू आवाजात सांगितलं.

तेव्हा वस्तरा शिकणं भाग होतं, आणि साडूभाऊंनी ते काम कारखान्याच्या शिस्तीत हाती घेतलं. वस्तऱ्याची धार चामड्याच्या पट्ट्यावर लावायची असते, आणि लावताना पातं पाठीच्या बाजूने ओढायचं असतं, हे त्यांनी मोबाईलवर पन्नास वेळा पाहिलं होतं. प्रत्यक्षात पहिल्याच हाताला पातं धारेच्या बाजूने पुढे सारलं आणि नवाकोरा पट्टा मधोमध चिरला. त्यांनी ताबडतोब काम थांबवलं, स्वयंपाकघर रिकामं केलं आणि घटनेची चौकशी बसवली. साक्षीदार एकट्या ताई. "तुम्ही नेमकं काय पाहिलंत?" असं बायकोला अहोजाहो करून विचारणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. ताई म्हणाल्या, "मी काही बघितलं नाही बाई, माझं दूध उतू जात होतं." मग पॅंटचा कातडी पट्टा दाराच्या कडीला बांधला गेला, आणि साडूभाऊ कितीतरी दिवस एका हाताने पॅंट सावरत घरभर हिंडत होते.

त्यानंतर फुगे आले. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो वस्तऱ्याने असा काढायचा की फुगा शाबूत राहील, ही शिकाऊ लोकांची रीत. साडूभाऊंचा एकही फुगा शाबूत राहिना. दर दहा मिनिटांनी धडाम! सगळ्या भिंतींना फेस, पंख्याला फेस, देवघरातल्या बाळकृष्णालाही फेस. कांतिभाई धापा टाकत वर आले. "शुं थयुं? कोनो बर्थडे छे?" त्यांना काय सांगणार! ताईंनी त्यांच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला, आणि ते कुणाचा तरी वाढदिवस आहे असं समजून आशीर्वाद देऊन गेले. पुढच्या फुग्यांवर साडूभाऊंनी पेनने डोळे, नाक आणि नानांच्या कपाळावरच्या आठ्या काढल्या. मी एकदा न कळवता गेलो, तर हे चष्मा लावून, घामाघूम होऊन त्या फुग्याला विनवत होते, "नाना, मान जरा इकडे. घाबरू नका, मी आहे." मला हसू आलं. पण हसून झाल्यावर मी बराच वेळ दारातच उभा राहिलो. आत जावंसं वाटेना.

फुगे वाचू लागले तशी स्वतःच्या गालांची पाळी आली, आणि तिथे ताई आडव्या आल्या. त्यांच्या घरी सोमवारी दाढी करायची नाही, गुरुवारी नाही, शनिवारी तर नाहीच, शिवाय एकादशी, चतुर्थी आणि ताईंच्या मनात येईल तो दिवस. वस्तरा उघडण्याआधी साडूभाऊंना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून परवानगी मागावी लागे. जन्मभर वेल्डरांना आणि फिटरांना कामाची परवानगी देणारा माणूस आता स्वतः परवानगीसाठी ताटकळत होता. एकदा एक गाल झाला आणि ताईंना आतून आठवलं की आज चतुर्थी. दुसरा गाल तसाच राहिला. ते अर्धं तोंड घेऊन साडूभाऊ बॅंकेत जाऊन आले. तिथे त्यांना कुणी काही विचारलं नाही याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

मग माझी पाळी. नानांच्या आधी एका परक्या गालावर चाचणी हवी, आणि साडू हे नातं कशासाठी असतं? मला खुर्चीत बसवून त्यांनी आधी भाषण दिलं. "आणीबाणीच्या प्रसंगी काय करायचं?"

"ओरडायचं," मी म्हणालो.

"साफ चूक. हलायचं नाही, बोलायचं नाही, गिळायचंसुद्धा नाही."

त्यांनी वस्तरा टेकवला आणि श्वास रोखून धरला. इतका वेळ धरला की त्यांचे ओठ निळे पडू लागले, आणि मला न बोलता त्यांना श्वास घ्यायची आठवण कशी करावी ते सुचेना. पण काय सांगू, पातं गालावरून खरखरत उतरलं ते अगदी हलक्या हाताने. फक्त नाकाखाली यायची त्यांची हिंमत झाली नाही. मी घरी गेलो तेव्हा मला मिशी होती. बायकोने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भावोजींना दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही वाटतं."

नानांची दाढी झाली एका बुधवारी सकाळी. ताईंची परवानगी होती. साडूभाऊंनी गरम पाण्याचा टॉवेल ठेवला, फेस लावला आणि भाषण सुरू केलं. नाना म्हणाले, "पुरे. कर आता." डावा गाल झाला. हनुवटीपाशी पातं जरा लागलं आणि रक्ताचा एवढासा ठिपका आला. साडूभाऊ जागच्या जागी थिजले. नोकरीत एवढी वर्षं कुणाला खरचटू दिलं नव्हतं त्यांनी. वस्तरा मिटायला निघाले, तर नानांनी त्यांचं मनगट धरलं. "तुरटी लाव आणि पुढे चल. पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं असं." मग उजवा गाल, मग ओठाच्या वर, मग गळा. शेवटी नानांनी दोन्ही गालांवरून तळवे फिरवले आणि म्हणाले, "आरशावरचा टॉवेल काढ." त्या संध्याकाळी ते बाल्कनीत बसले होते. कांतिभाई दारातूनच ओरडले, "अरे काका, आजे तो वरराजा लागो छो!" साडूभाऊ स्वयंपाकघरात तोंड लपवून उभे होते. ताईंनी त्यांना पदराचं टोक दिलं.

आता साडूभाऊंचा हात असा बसला आहे की मीही सणासुदीला त्यांच्याचकडे दाढी करून घेतो, मिशी न ठेवता. नाना मात्र हल्ली थोडे हरवल्यासारखे असतात. कधी माणसं ओळखतात, कधी नाही. परवा रविवारी मी गेलो तेव्हा त्यांची दाढी चालली होती. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर सुख. घरात कायम मराठी बोलणारे नाना एकदम गुजरातीत बोलू लागले. त्यांचं खंडेराव मार्केट सुरू झालं होतं. "मारो छोकरो बहु बीकण छे," ते म्हणाले. "चप्पुने अडतो पण नथी. पण दिलनो सारो छे, हों." मुलगा फार भित्रा, सुरीला शिवतसुद्धा नाही, पण मनाने चांगला, असं ते आपल्या जुन्या न्हाव्याला सांगत होते. मग म्हणाले, "वखत मळे तो एने पण शीखवाडजे."

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता ते सांगतील, नाना, मीच तो. त्यांनी वस्तरा टॉवेलावर पुसला.

"शीखवाडीश, साहेब," ते म्हणाले, आणि नानांची हनुवटी बोटाने अलगद वर केली.