देवाचा खोका

"हा माल आपला नव्हे," सहदेव परब म्हणाला, आणि समोर उभ्या असलेल्या नंदूच्या तोंडावरचा रंगच उडाला.

साकीनाक्याच्या दिघ्यांच्या स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरवर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर तेलाने काळाकुट्ट झालेला ऑइल फिल्टर पडला होता, पत्र्याचं टोपण कापून उघडलेला. आत बारीक चुण्यांचा पिवळसर कागद असायला हवा, तिथे चपलांच्या खोक्याचा असतो तसा करडा पुठ्ठा होता, तोही भिजून लगदा झालेला. त्या लगद्याने इंजिनातल्या तेलाच्या वाटा बुजवल्या आणि मुलुंडच्या डॉक्टर उत्तरा गोखल्यांच्या कोऱ्या गाडीचं जपानी इंजिन भर रस्त्यात जाम झालं. गाडीवर ड्रायव्हर होता नंदू. नंदू म्हणजे सहदेवचा मेहुणा, त्याची बायको जानकी हिच्या पाठचा भाऊ. फिल्टर त्यानेच या दुकानातून नेला होता आणि त्यानेच तो गाडीला बसवला होता.

दुकानाचे मालक शरच्चंद्र दिघे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "नीट बघा परब. बुडाला तुमचा लाल ठिपका दिसतोय."

"ठिपका काय, कोणीपण काढील. माझ्या हातून असला कचरा जाईल काय साहेब? चांगला डबा बाजारात विकला असणार आणि हा डुप्लिकेट बसवला असणार."

कोणी विकला असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. डॉक्टरीणबाईंचा कंपाउंडर सोबत आला होता. त्याने फिल्टर पुन्हा कागदात गुंडाळला आणि शांतपणे म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, माल दुकानाचा नसेल तर सोमवारी पोलिसात जायचं."

"भावोजी," नंदू म्हणाला, "तुमच्याच हातून घेतलेला डबा हा."

सहदेव मागच्या खोक्यांकडे वळला.

आता सहदेव परबाने माल पारखून 'नाही' म्हटलं की अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला ते 'नाही'च. हा मान त्याने फुकटात मिळवला नव्हता. मूळचा तो गिरणीतला विणकर. ब्याऐंशीच्या संपात माग थांबले ते त्याच्यापुरते थांबलेच. मग त्याने भाजी विकली, वॉचमनकी केली, आणि शेवटी दिघ्यांकडे खोके उचलायला लागला. पण बोटं विणकराची. कापडात एक धागा सुटला तर अंधारात सांगणारी. परदेशातून येणाऱ्या फिल्टरांवरून ती फिरायला लागली आणि खरं-खोटं आपोआप वेगळं पडायला लागलं.

त्याची रीत साधी होती. प्रत्येक खोक्यातला एक डबा उचलायचा आणि हॅकसॉ ब्लेडने त्याचं टोपण कापायचं. आतला कागद उलगडून चुण्या सारख्या आहेत का बघायच्या, नखाने टोचून डिंक धरतोय का बघायचं, रबरी वायसर दुमडून त्याला चीर जाते का बघायचं. कापलेला डबा फुकट जायचा, पण पोटात काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही, त्याला इलाज नाही. पास झाला की त्या खोक्यातल्या सगळ्या डब्यांना बुडाला लाल रंगाचा ठिपका. मेकॅनिक लोक येऊन कंपनीचं नाव विचारत नसत, 'ठिपकेवाला दे' म्हणत.

फक्त एक खोका कधी कापला जात नसे. टेंपोतून सगळ्यात आधी उतरेल तो. गावाला पहिला फणस रवळनाथाचा. गिरणीत मागावर सुताचा नवा बीम चढला की आधी त्याला फूल. तसा इथे पहिला खोका देवाचा. सहदेव तो भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीखाली ठेवायचा, जास्वंद वाहायचा आणि संध्याकाळी न कापताच सगळ्या डब्यांना ठिपके द्यायचा. देवाला वाहिलेलं कोण तपासतो? शरच्चंद्र हसायचे. तेवढाच एक डबा वाचला, म्हणायचे.

त्या संध्याकाळी सहदेव भांडुपला घरी पोचला तेव्हा नंदू ट्रंकेत कपडे भरत होता. डोंगरावरच्या त्या एका खोलीत तो गेली कित्येक वर्षं राहत होता, सहदेवच्याच शर्टाच्या शेजारच्या खुंटीवर त्याचा शर्ट असायचा. आज खुंटी रिकामी होती.

"खय चाललास?" जानकीने विचारलं.

"दिंडोशीक. दोस्ताकडे." नंदूने ट्रंकेची कडी लावली. "चोराक घरात कशाला ठेवताय?"

सहदेव चपला काढत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "खरं काय ते सांगून टाक. बाईंचे पाय धर. चूक होते माणसाकडून."

नंदू दारात थांबला. "भावोजी, तो डबा तुमी मला मुद्दाम काढून दिलात. फोटोखालच्या खोक्यातला. वर जास्वंदीची पाकळी चिकटलेली, ती मी गाडीत देवापुढे ठेवली. ती अजून तिथेच आहे. ठिपका कोणीपण काढील म्हणालात, मग ती पाकळी पण खोटी काय?"

तो गेला. जिन्यावर ट्रंक आपटत उतरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सहदेव जेवायला बसला नाही. पाकळीची गोष्ट त्याला नवी नव्हती. घरचा माणूस म्हणून त्यानेच देवाच्या खोक्यातला डबा नंदूच्या हातात ठेवला होता, तेही कौतुकाने. आणि आज काउंटरवर तो जळका ठिपका बघताक्षणीच त्याला कळलं होतं की रंग आपला आहे, आपल्याच बोटाचा आहे. तरी तोंडातून 'आपला नव्हे' निघून गेलं. देव खोटा पडत नाही, मग दुसरं कोणीतरी पडायलाच हवं. मनाने हा हिशोब इतक्या झटपट केला की त्याला स्वतःलाही लाज वाटायला वेळ मिळाला नाही. ती आता वाटत होती.

जानकी कोपऱ्यात बसून नारळ सोलत होती. भावावरचं बालंट टळावं म्हणून सकाळी देवळात द्यायचा होता. शेंडी ठेवून तिने तो कानाशी नेला, हलवला, आणि नवऱ्याकडे न बघता बोलली.

"देवाक नारळ देतंव, तो आदी कानाकडे हलवन बघतंव मां? पानी आसा की कुसको, ता?"

"मग?"

"मगे देव रागावता?"

सहदेवने तिच्या हातातला नारळ घेतला आणि स्वतः कानाशी हलवून पाहिला.

शनिवारी नवा माल आला. टेंपोबरोबर नेहमीसारखा मधुकर होता, माल पुरवणाऱ्या एजंटाचा माणूस. हसरा, लाघवी, आल्या आल्या पाया पडणारा. त्याने मागची फळी पाडली आणि पहिला खोका स्वतः उचलून सहदेवच्या हातात दिला. "घ्या काका. देवाचा."

सहदेव खोका धरून उभाच राहिला. बाकीचे खोके हमाल उतरवायचा. पहिला मात्र दर खेपेला मधुकरच द्यायचा, आपल्या हाताने. इतके दिवस सहदेवला त्याची भक्ती वाटत आली होती.

त्याने खोका तसबिरीखाली ठेवला. जास्वंद वाहिलं, हात जोडले. मग फूल उचलून बाजूला ठेवलं, खोका फोडला आणि एक डबा काढून शिकंज्यात पकडला.

"काका, देवाचा आहे तो," मधुकर म्हणाला. "पाप लागेल."

"लागू दे. नारळ पण हलवून बघतो आपण."

ब्लेड पत्र्यावर करकरायला लागलं. चांगला कागद निघाला तर नंदू चोर ठरेल. पुठ्ठा निघाला तर आजवरचा प्रत्येक देवाचा खोका आपल्या बोकांडी बसेल. काय निघावं असं आपल्याला वाटतंय, हेही त्याला सांगता आलं नसतं. टोपण निघालं. त्याने आत बोट घातलं, आणि बघायच्या आधीच बोटाला कळलं.

करडा पुठ्ठा.

दुसरा डबा कापला, तोच. तिसरा, तोच. शेजारच्या खोक्यातला कापला तर आत पिवळसर कागद, सुबक चुण्या, पक्का डिंक. म्हणजे कचरा होता तो फक्त ह्या एका खोक्यात, आणि हा एकच खोका कापला जात नाही हे कोणाला माहीत होतं ते आता विचारायची गरज नव्हती. सहदेवने वळून पाहिलं तर टेंपो फळी उघडी ठेवूनच निघून गेला होता.

शरच्चंद्रांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. "परब, ऐका माझं. हा माल मी परत पाठवतो, एजंटाला बघून घेतो. पण बाहेर वाच्यता नको. तुमच्या ठिपक्यावर हे दुकान उभं आहे, आणि तुमची नोकरीही. नंदूला मी दुसरीकडे चिकटवतो."

वाईट सल्ला नव्हता. सहदेव क्षणभर मोहात पडला, हे खोटं कशाला बोला. मग त्याने तिन्ही कापलेले डबे पिशवीत भरले.

"साहेब, चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली. तो संन्यासी माझ्या घरात जेवायचा."

दवाखान्यात पेशंट बसले होते. त्यांच्यादेखतच त्याने डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर डबे मांडले आणि सगळं सांगितलं. बाई कठोर नव्हत्या, पण नजर सरळ होती.

"परवा तुम्हीच सांगितलंत, ठिपका तुमचा नाही."

"माझाच होता. मी तेव्हाच ओळखला."

"मग तसं का म्हणालात?"

सहदेवने टोपी काढून हातात धरली. "देवाचा खोका खोटा निघेल, हे मनाला पटेना बाई. नंदू खोटा निघेल, हे लगेच पटलं."

बाई पोलिसात गेल्या नाहीत. नंदूची नोकरी राहिली. सहदेवचीही राहिली, दिघ्यांना तेवढी माणुसकी होती. पण ज्या ज्या गॅरेजात देवाच्या खोक्यातला डबा गेला होता तिथे जाऊन त्याला तो परत मागावा लागला. सायनपासून कल्याणपर्यंत कोणी शिव्या दिल्या, कोणी नुसतंच हसलं. जास्वंद तो अजून आणतो, फक्त आता खोका कापून झाल्यावर वाहतो.

नंदू दिंडोशीहून परत आला नाही. जानकी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा तो तिच्याशी नीट बोलला आणि चहा पाजून तिला बस स्टॉपवर सोडून आला.

तेल बदलायची वेळ झाली तेव्हा तो गाडी घेऊन दुकानात आला. सहदेव लगबगीने उठला. कितीतरी दिवस मनात जुळवून ठेवलेली वाक्यं त्याच्या ओठांवर आली.

"दोन द्या," नंदू म्हणाला.

"दोन कशाला? गाडीला एकच लागतो ना?"

"एक गाडीला." नंदूने काउंटरवरचं ब्लेड उचलून सहदेवपुढे ठेवलं. "एक माझ्यासमोर कापा, भावोजी."

सहदेवने डबा शिकंज्यात पकडला आणि कापायला घेतला.