नाशकाच्या नळावर ह्यांना बोलणी बसली

नाशिकला जायचं निमित्त रामकुंडावरचं स्नान. खरं कारण माझ्या मनात होतं: ह्यांना तिथले नळ दाखवायचे. सोमवारी आमच्या गावच्या पंचायतीत ठराव यायचा होता: बारवेच्या पायऱ्या बंद करून वर पंप आणि टाकी बसवायची, खर्चाला घरटी पाणीपट्टी घ्यायची. आडवे आले ते आमचे हेच. बारव ह्यांच्या आजोबांनी बांधलेली. "आजोबांनी धर्म केला, नि नातू पाण्याला पैसे मागणार?" एवढं म्हटलं की सगळे गप्प. आणि माझ्या पायातून नुकताच नारू काढलेला, वितभर दोऱ्यासारखा जंत. तो माहेरच्या पाण्याचा, असं मी ह्यांना सांगून ठेवलं होतं.

बैलगाडीने लासलगाव, पुढे पॅसेंजर. कोणी जाणार असाल तर भाकरी-ठेचा बरोबर घ्या. स्टेशनावरचा चहा गरम असतो, एवढंच त्याचं कौतुक. नाशिकरोडला टांगेवाल्याने आठ आणे सांगितले, मी सहावर आणले. घासाघीस मीच करते. गावात ह्यांना कोणी उलट बोलत नाही, त्यामुळे सवयच नाही.

मुक्काम माझ्या अक्काकडे, जुन्या नाशकात. सकाळी हे गल्लीतल्या नळावर गेले. हात धुतले, पाय धुतले, चूळ भरली आणि नळ तसाच सोडून पंच्याने तोंड पुसत उभे राहिले. बारवेला कुठे तोटी असते?

"ओ दादा, नळ बंद करा की," शेजारची हमीदाबी हंडा आपटून म्हणाली. "पट्टी आम्ही भरतो, ती गटारात चाललीय."

मला हसू आवरेना. ह्यांनी मुकाट्याने तोटी फिरवली. तेवढ्यात गल्लीतून नगरपालिकेचा मुकादम चालला होता, त्यालाही हमीदाबीने सोडलं नाही. "गटार तुंबून तीन दिवस झाले. पट्टी घ्यायला बरे वेळेवर येता." दुपारी झाडूवाले हजर. हे ओट्यावर बसून सगळं बघत होते. जिलबी आणली तीही गार झाली.

परतीच्या गाडीत ह्यांनी एकदम विचारलं, "आपल्या बारवेबद्दल लोक काय बोलतात गं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"फुकटच्या पाण्याला नावं कोण ठेवणार? तेही तुमच्या तोंडावर?" मग मात्र मला राहवेना. "माझा नारू माहेरचा नव्हता. तिकडे आडाचं पाणी, पोहऱ्याने काढायचं, आत पाय कोणाचा जात नाही. तो आपल्या बारवेतलाच."

निफाड मागे पडलं. मग हे म्हणाले, "मग खोटं का सांगितलंस?"

"आजेसासऱ्यांचा धर्म. सुनेने कसं बोलायचं?"

सोमवारी ठरावाला पहिला हात ह्यांचाच वर गेला.

नाशिकहून मी चिवडा आणला होता, तो दोन दिवसांत संपला. रामकुंडाच्या पाण्याचा गडवा देवापाशी आहे. आणि फडताळात एक कागद जपून ठेवलाय. पट्टी सुरू झाली त्या दिवशी पहिली पावती ह्यांनी स्वतःच्या नव्हे, माझ्या नावाने फाडून आणली. माझ्या हातात देऊन म्हणाले, "घे. आता पाण्याबद्दल काय बोलायचं ते बोल."