भेगेवरची काच

दादर चौपाटीच्या मागच्या गल्लीत लोटलीकर बिल्डिंग आहे. तीन मजले, लोखंडी गर्डर, लाकडी जिना. समुद्र इथून दिसत नाही, पण तो इथल्या लोखंडात मुरलेला आहे. खिडकीचा गज धरला तर हाताला तांबडी सालपटं लागतात. भरतीची लाट बंधाऱ्यावर आपटली की तिसऱ्या मजल्यावर अंबिका पेडणेकरच्या पिंपातलं पाणी शहारतं. लग्न होऊन इथे आल्यापासून चव्वेचाळीस वर्षं ती हे बघत होती आणि तिला कधी भीती वाटली नव्हती. यंदाच्या मे महिन्यापासून ती पिंपावरचं झाकण काढायलाही कचरू लागली.

मे महिन्यात गॅलरीच्या भिंतीला भेग पडली. छतापासून निघून ती शेजारच्या श्रेयाच्या दारापर्यंत उतरली होती. मयूर नावाचा एक तरुण इंजिनियर आला. त्याने भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवली, दोन्ही टोकं पांढऱ्या सिमेंटने पक्की केली आणि काचेवर मार्करने तारीख लिहिली.

"काच ताणली जात नाही, काकू. भिंत हलली की ती फुटणार. मग सामान बांधत बसायचं नाही. सगळ्यांनी खाली उतरायचं आणि मला फोन करायचा."

लक्ष ठेवायचं काम अंबिकाकडे आलं. ती विधवा, एकटी, दिवसभर घरात. शिवाय एकतीस वर्षं तिने शाळेच्या प्रयोगशाळेत नळ्या धुतल्या होत्या, बाटल्यांवर सुवाच्य अक्षरात नावं लिहिली होती. "काच हिला नाही कळणार तर कुणाला?" असं बिल्डिंगचा सेक्रेटरी हितेंद्र म्हणाला.

श्रेयाची सासू मेघना जाता-येता टोमणा मारायची. "काय हो अंबिकाताई, काय म्हणतात तुमचे नवे यजमान? दिवसभर त्यांच्याच तोंडाकडे बघत असता!"

अंबिका हसायची. चपला मात्र ती दाराकडे तोंड करून ठेवायची आणि रेशनकार्ड उशीखाली घेऊन झोपायची.

काच फुटण्याची भीती होतीच. पण फुटल्यानंतर काय, याची त्याहून जास्त होती. थोरली बहीण रखमा काळाचौकीच्या मोडकळीला आलेल्या चाळीतून सहा महिन्यांसाठी म्हणून अँटॉप हिलच्या ट्रान्झिट कॅम्पात गेली. परत जायचंच आहे म्हणून अर्धी बोचकी तिने सोडलीच नाहीत. तेवीस वर्षांनी ती तिथेच वारली. शेवटच्या दिवशी अंबिकाचा हात धरून विचारत होती, "आज घराक जावचा आसा ना गो?"

मंगळवारी दुपारी अंबिकाला काचेवर केसाएवढी रेघ दिसली. तिने बोट लावलं. दोन्ही तुकडे वेगवेगळे हलले.

फोन तिच्या हातात होता. मयूरचं नावही समोर होतं. पलीकडे श्रेयाचं आठवड्याचं बाळ रडत होतं. रविवारी त्याचं बारसं. बारसं होऊ दे, मग सांगू, असं तिने स्वतःला बजावलं आणि फोन ठेवून ट्रंक उघडली. शाळा सोडताना आठवण म्हणून घेतलेली सूक्ष्मदर्शकाच्या काचांची डबी तळाशी होती. गॅलरी दुपारची झोपली होती. तिने फुटके तुकडे काढले, मोरीसाठी आणलेल्या पांढऱ्या सिमेंटने नवी काच बसवली आणि त्यावर जुनीच तारीख लिहिली. अक्षर मयूरपेक्षा चांगलं आलं म्हणून पुसून पुन्हा वाईट काढलं.

त्यानंतर ती झोपली नाही. रात्री भिंतीला टेकून बसायची. बाळ रडायचं तोवर तिला बरं वाटायचं. ते गप्प झालं की ती भिंतीला कान लावायची. छतातून बारीक माती पडायची. ती सकाळी कुणी उठायच्या आत झाडून टाकायची.

रविवारी गॅलरीत चाळीस माणसं होती. पाळण्याला झेंडूच्या माळा, बायकांची दाटी. अंबिका घुगऱ्यांचं ताट घेऊन भिंतीजवळून जात होती. तिने न बघायचं ठरवलं होतं, तरी बघितलं. काच फुटली होती. या वेळी रेघ नव्हती, दोन तुकड्यांमधून नख जाईल एवढी फट होती.

"खाली उतरा," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. ती ओरडली, "खाली उतरा सगळे!"

"अहो थांबा, नाव तरी ठेवू दे," मेघना म्हणाली.

अंबिकाने ताट खाली टाकलं, पाळण्यातलं बाळ उचललं आणि जिना गाठला. मग मात्र अख्खी गॅलरी आरडाओरडा करत तिच्यामागे धावली.

रस्त्यावर श्रेयाने बाळ तिच्या हातातून हिसकावून घेतलं. हितेंद्रने मयूरला फोन लावला. तो अर्ध्या तासात येतो म्हणाला. सगळे वर बघत उभे राहिले. बिल्डिंग रोजच्यासारखीच उभी होती. दुसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी टॉवेल हलत होता.

दहा मिनिटं गेली. अंबिकाच्या मनात आलं, पडू दे आता एकदाची. लगेच तिने श्रेयाच्या हातातल्या बाळाकडे बघितलं.

"ही तर उभीच आहे की!" हितेंद्र म्हणाला. "पोरांचा बॉल लागला असेल काचेला."

"मुहूर्त टळतोय," मेघना म्हणाली. "हिला आधीच भास होतात. चला गं, पाच मिनिटांत नाव ठेवू आणि येऊ." ती जिन्याकडे वळली. तिच्यामागे आणखी बायका निघाल्या.

अंबिका धावत जाऊन पहिल्या पायरीवर आडवी उभी राहिली.

"बॉल नाही लागला. ही दुसरी काच आहे. पहिली मंगळवारीच फुटली. मी बदलली."

कुणाला लगेच कळलं नाही. मग हितेंद्रने हळूच विचारलं, "मंगळवारपासून?"

"हो."

"आणि आम्ही वर झोपत होतो?"

तिने मान हलवली. आता बिल्डिंगकडे कुणीच बघत नव्हतं. मेघनाने जिन्याच्या कठड्यावरचा हात काढून घेतला. श्रेयाने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, अंबिकापासून लांबच्या, आणि त्याचं डोकं तळहाताने झाकलं.

अंबिका पायरीवरून हलली नाही. तिच्या मागे रिकामा जिना होता. वर कुठेतरी माती सुटली, लाकडी पायऱ्यांवरून टपटपत तिच्या टाचांपर्यंत आली. तिने मागे वळून बघितलं नाही.