हळदीची टेस्ट

कोलंबी सोलायला बसलं की कोलंबी निघते मूठभर, टरफलं सूपभर. माझ्या नातीने, स्वातीने, ऑफिसासाठी माणूस शोधायला घेतला तेव्हाही तसंच झालं. माणूस सापडेना, किस्से मात्र साठत गेले!

ऑफिस म्हणजे बोनकोड्यातल्या आमच्याच इमारतीचा तळमजला. तिथे व्हिडिओ कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर बनतं. सिनेमावाले वापरतात, लग्नाचे शूटिंगवालेही. त्यात काय घालायचं, काय नाही, आधी काय करायचं, हे ठरवणाऱ्याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. इतके दिवस ते स्वातीच ठरवायची. आता तिला नववा लागलेला.

“आजी, डिलिव्हरीच्या आत माणूस नाही मिळाला ना, तर ही पोरं मला लेबर रूममध्ये फोन करतील!”

मला वाटलं, थट्टा करतेय.

*

पुढच्याच आठवड्यात वाशीला सोनोग्राफीला गेलो. स्वाती टेबलावर आडवी, पोटाला ते गार जेल लावलेलं, आणि फोन वाजला. ऑफिसातला मंगेश.

“मॅडम, लाल बटण निळं करू का?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आधी मला बाळाचं डोकं बघू द्या!”

स्वातीने फोन ठेवला. स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, “डॉक्टर, जरा मागे घ्या. ती आधीची फ्रेम बरी होती.”

“अहो, बाळ आहे ते! क्लिप नाही!”

*

येईल त्याला स्वाती एकच टेस्ट द्यायची. आमच्या घरच्या हळदीचं शूटिंग, चार तासांचं. आमच्याच सॉफ्टवेअरवर कापायचं आणि कुठे खटकतं ते सांगायचं.

पहिला आला तो खारघरचा, कोटवाला. एआय लावलं आणि चार तासांची हळद दोन मिनिटांत बसवली! छाती फुगवून सगळ्यांना दाखवली. माझी जाऊ हिराबाई दारातच उभी होती.

“माझा नाच कुठं हाय?”

“आजी, तेच तेच रिपीट होत होतं. सॉफ्टवेअरने काढून टाकलं.”

आमच्याकडे पाहुण्याला एकवेळ मांडवातून काढतील, व्हिडिओतून नाही. भावकीत बोलणं बंद होतं. हिराबाईने पदर खोचला.

“तुझे हळदीला तुझे आईला काढ, मंग मला सांग!”

पोरगा बूट हातात घेऊनच पळाला.

*

दुसरा फार गोड. जे विचाराल त्यावर “सगळ्यांशी चर्चा करू.” स्वाती म्हणाली, “दोन बटणं आहेत. एकच ठेवायचं. कोणतं?”

“टीमशी चर्चा करू.”

मी मध्येच विचारलं, “बाळा, चहा देऊ का सरबत?”

त्याने मंगेशकडे बघितलं!

*

तिसरा पसंत पडला. सोमवारी येतो म्हणाला. स्वातीने हौसेने नवी खुर्ची मागवली. सोमवारी माणूस नाही, फोन आला. दुसरीकडे जमलं म्हणे. स्वाती त्या दिवशी जेवली नाही. तळमजल्यावर नुसती येरझाऱ्या घालत राहिली, पाय सुजलेले असताना. आम्ही कुणी तिला बस म्हणायची हिंमत केली नाही.

खुर्चीवर आमचा बोका जाऊन बसला. मंगेश म्हणाला, “मॅडम, हा तरी नक्की जॉइन झाला!”

कुणी हसलं नाही. मी हसले.

*

डॉक्टरीणबाईंनी “आता कधीही” असं सांगितलं, त्या आठवड्यात नेरुळची वैशाली आली. आधी टीव्हीच्या सिरियली एडिट करायची म्हणे. चहा नको म्हणाली, हळद घेऊन आतल्या खोलीत बसली. दुपार गेली. आतून हूं नाही की चूं नाही. स्वाती बाहेर एकदा बसायची, एकदा उठायची.

एकदम दार आपटलं.

“बंद पडलं! आपोआप सेव्हही नाही झालं! सगळी हळद गेली!” बाई लालेलाल. “उद्या लग्नाची पार्टी दारात येऊन उभी राहिली, तर त्या शूटिंगवाल्याने तोंड कुठे लपवायचं?”

मंगेश पुटपुटला, “आधी आलेल्यांचंही बंद पडलेलं. पण ते काही बोलले नाहीत...”

“आणि तुम्हीही नाही बोललात? पायाच धड नाही आणि वर नवीन बटणं रंगवताय! कोण आहे इथे? हे सगळं ठरवतं कोण?”

मंगेश पंख्याकडे बघायला लागला. बाकीची पोरं आपापल्या चपलांकडे. मीही नजर वळवली.

स्वाती कमरेला हात लावून हळूच उठली. आपली खुर्ची वैशालीकडे सरकवली आणि म्हणाली,

“तुम्ही.”