लिफ्टमध्ये गेलेलं पार्सल

माझा राग लवकर जात नाही, असं घरी सगळे म्हणतात. खरंच आहे ते. लोक राग गिळतात, मी तो लोणच्यासारखा मुरवते. त्यामुळे ही हकीकत मी समजूतदारपणे सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

अंधेरीच्या एका कॉलेजात मी हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकवते. म्हणजे हॉस्पिटल कसं चालवायचं हे, ज्यांनी ते अजून चालवलेलं नाही अशा मुलांना, जिनं ते कधीच चालवलेलं नाही अशी बाई सांगते. काही वर्षांपूर्वी मला संशोधनाला विषय मिळाला: कामाचा ताण आणि ऑनलाइन खरेदी. तो मला माझ्याच स्वयंपाकघरात मिळाला. विभागाची मीटिंग झाली की त्या संध्याकाळी मी मोबाइलवरून स्टीलचे डबे मागवायचे. डब्यांत ठेवायला घरात काही उरलं नव्हतं, तरी डबे येतच होते. आई आमची मालवणकडची, ती म्हणायची, "भांड्यांचा दुकान घालूचा हा काय गो?" तेव्हा मनात आलं, एका मीटिंगनं माझी ही गत, तर जिच्यासमोर दिवसभर माणसं कण्हतात ती काय मागवत असेल?

म्हणून मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात जायला लागले. नर्सेसच्या कपडे बदलायच्या खोलीत मला एक बाकडं मिळालं. सुरुवातीला सगळ्या मला तोंडी परीक्षेसारखी उत्तरं देत. ताण येतो का? "नाही मॅडम, सेवा आहे ही." खरेदी करता का? "गरजेपुरती, मॅडम." शेवटी घाटकोपरला राहणारी एक सिस्टर वैतागली. आईवडील परभणीकडून आलेले, स्वतः वाढलेली चाळीत, तोंडाची फटकळ. ती दुसरीला म्हणाली, "ए, खरं बोल ना यार. मॅडम काय तुझा पगार कापणार आहेत?" त्या दिवसापासून खोलीतली तोंडं सुटली.

काय काय मागवायच्या त्या! केसांचे चाप, पाण्याच्या बाटल्या, ज्या खिडकीला पडदा लागणारच नाही तिच्यासाठी पडदे. एकीच्या पलंगाखाली न फोडलेले खोके होते. का फोडत नाहीस, विचारलं तर म्हणाली, "फोडलं की संपलं ना मॅडम." आणि घाटकोपरवाली एकदा बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाली, "दिवसभर जो येतो तो मागायलाच येतो. बेडपॅन द्या, रिपोर्ट द्या, डॉक्टरला बोलवा. तो खोकेवाला एकटाच असा, जो काहीतरी द्यायला येतो." माझं सगळं संशोधन त्या एका वाक्यात होतं. बाकी मी जे लिहिलं ते त्याला लावलेलं अस्तर.

इथे त्यांच्या बोलीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच फिरलं. हॉस्पिटलात डिलिव्हरी म्हणजे बाळंतपण, म्हणून मागवलेल्या वस्तूला त्या नुसतं 'खोका' म्हणत. आणि 'पार्सल' हा शब्द त्यांनी वेगळ्याच गोष्टीसाठी राखून ठेवला होता. एखादं छोटं नर्सिंग होम पेशंटला अगदी हाताबाहेर जाईपर्यंत ठेवून घेतं आणि मग बरोबर ड्युटी बदलायच्या वेळी मोठ्या हॉस्पिटलच्या दारात आणून टाकतं. तो पेशंट म्हणजे पार्सल. नाव चेष्टेचं होतं, पण ते घेताना कुणी हसत नसे. एके दिवशी मी गेले तेव्हा घाटकोपरवाली भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "ड्युटी सुटता सुटता पार्सलं आली मॅडम. एक ठेवून घेतलं, बाकीची परत पाठवली, बेडच नव्हते. एक तर लिफ्टमध्येच गेलं." एवढं बोलून तिनं मोबाइल उघडला आणि लहान मुलीचा एक फ्रॉक मागवला. तिच्या घरी त्या मापाचं कुणी नव्हतं. मी तिचं बोलणं शब्दाला शब्द उतरवून घेतलं.

आता आमचे विभागप्रमुख. आवाज मऊ, शर्टाला कधी चुणी नाही आणि तोंडात सदा 'आपण'. आपण करू, आपलं काम, आपला विभाग. कामाच्या वेळी आपण म्हणजे मी आणि कौतुकाच्या वेळी आपण म्हणजे ते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. विभागातलं काहीही त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांनी मुलाखतींची टिपणं मागितली, मी दिली. शब्दांचे अर्थ आणि माझं विश्लेषण अजून माझ्याचकडे होतं, हे नशीब. पुढे हॉस्पिटल व्यवस्थापनावरची एक परिषद जाहीर झाली, मराठीतून, नर्सेसनाही बोलावलेली. कार्यक्रमपत्रिका आली. माझा विषय, माझं शीर्षक आणि खाली नाव एकट्या सरांचं.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. विचारलं, "सर, हे काय?"

ते हसले. "मॅडम, तुम्ही नर्सेसशी गप्पा मारल्यात. गप्पा म्हणजे संशोधन नव्हे. त्याला शिस्त लावावी लागते, ती मी लावली."

"माझं नाव कुठे आहे?"

"आपण एकच विभाग ना? नावात काय!" आणि मग जखमेवर मीठ चोळावं तसं म्हणाले, "बरं, स्लाइड्स पाठवतो. तुमचं मराठी चांगलं आहे. शुद्धलेखन तेवढं बघून द्या."

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "रांधलंस तू आणि जेवलो तो. त्या मेल्याक सोडू नको." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण नागोबाला काठीनं मारायची माझ्यात ताकद नव्हती. तक्रार कुणाकडे करायची? ती वर जाणार त्यांच्याच सहीनं.

मग मी त्यांच्या स्लाइड्स उघडल्या आणि खुर्चीत ताठ बसले. त्यांनी लिहिलं होतं की नर्सेस ड्युटीवर असताना पार्सलं मागवतात. काही ठेवून घेतात, बाकीची परत पाठवतात, त्यात कामाचा वेळ जातो. पुढच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत 'हॉस्पिटलच्या आवारातील चोऱ्या', आणि पुरावा म्हणून ते वाक्य: एक तर लिफ्टमध्येच गेलं. शेवटी शिफारस होती, की नर्सेसचे मोबाइल ड्युटीभर कुलपात ठेवावेत आणि पार्सलं दारातच अडवावीत.

आधी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या सिस्टरांना हा माणूस कामचुकार ठरवणार, वर त्यांचे मोबाइल काढून घेणार? फोन हातात घेतला होता. मग तो खाली ठेवला. आता सांगितलं तर सर ते दुरुस्त करतील, पेपर निर्दोष होईल आणि त्यांचाच राहील. मला सांगितलं होतं शुद्धलेखन बघायला. मी शुद्धलेखन बघितलं. 'स्थिती'ची पहिली वेलांटी ऱ्हस्व केली, 'निष्कर्श'चा पोटफोड्या ष केला, 'चोऱ्या'तला र नीट काढला. एकही चूक ठेवली नाही. खाली लिहिलं, "शुद्धलेखन तपासले आहे." इतक्या समाधानानं मी आयुष्यात कुठलं काम केलेलं नाही.

घाटकोपरच्या सिस्टरला मात्र मी फोन केला आणि काय चाललंय ते सगळं सांगितलं. लिफ्टमध्ये नेमकं कोण गेलं होतं, तेही विचारून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "आम्ही सगळ्या येतो मॅडम. एक अख्खी रांग धरून ठेवा."

परिषदेच्या दिवशी सर भाषणाला उभे राहिले. "नर्सेस रोज पार्सलं मागवतात," ते म्हणाले, आणि नर्सेसच्या रांगेत खसखस पिकली. सरांना वाटलं आपलं बोलणं रंगतंय, ते खुलले. परत पाठवलेल्या पार्सलांवर त्यांनी एक विनोदही केला, घरच्या बायकोवरून. मग चोरीची स्लाइड आली. त्यांनी ते वाक्य चढ्या आवाजात वाचलं आणि म्हणाले, "बघा, लिफ्टमधूनसुद्धा माल जातो!" ती रांग एकदम चिडीचूप झाली. मागे बसलेले एक डॉक्टर पुढे वाकून बघायला लागले.

प्रश्नोत्तरांत मी माइक मागून घेतला. माझा आवाज अजिबात कापत नव्हता.

"सर, लिफ्टमध्ये गेलेल्या त्या पार्सलमध्ये काय होतं?"

"अहो, मला कसं ठाऊक असणार?" ते हसत म्हणाले. "कपडे असतील, मिक्सर असेल."

"साठीच्या एक बाई होत्या," मी म्हटलं. "दुसऱ्या नर्सिंग होमनं शेवटच्या घटकेला पाठवलेल्या. त्या हॉस्पिटलात पार्सल अशा पेशंटला म्हणतात. त्या लिफ्टमध्ये गेल्या, म्हणजे वारल्या."

सरांनी स्लाइडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि बुडत्यानं काडी धरावी तसं त्यांनी मला धरलं. माझं नाव घेऊन, चांगलं मोठ्यांदा, म्हणाले, "हा डेटा या मॅडमनी गोळा केलाय. चूक त्यांची आहे. मी एकाही नर्सला भेटलेलो नाही."

अध्यक्षस्थानी एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मग पेपर तुमचा कसा?"

सर स्लाइड्स मागेपुढे करायला लागले. उत्तर मला द्यायची गरज पडली नाही. पुढचं त्या रांगेनं सांगितलं, उठून, एकेकीनं. महिनोन्महिने बाकड्यावर कोण बसलं होतं आणि कोण नव्हतं, ते सगळं.

नंतर चहाच्या वेळी आमच्यातलेच एक सहकारी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, आधी खासगीत सांगायचं होतंत. बिचाऱ्यांची वाट लागली." मी म्हटलं, "तेवढ्यासाठीच नाही सांगितलं." आणि बटाटेवडा घेतला. वडा झकास होता.

कॉलेजनं चौकशी समिती नेमली. तेव्हा सरांचं नाव प्राचार्यपदासाठी जवळजवळ ठरलेलं होतं. आता सगळं माझ्या जबाबावर अडलं. एका रविवारी सकाळी बोरीवलीला आमच्या घराची बेल वाजली. दारात सर, हातात मिठाईचा बॉक्स. आईनं त्यांना बसवलं, चहा टाकला आणि समोरच्या खुर्चीत तीही बसली, हलली नाही.

"मॅडम, झालं ते झालं," सर म्हणाले. "समितीला एवढंच लिहून द्या, की गैरसमजातून घडलं. तुमची काही तक्रार नाही, असं. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"काय झालं, सर?"

"अं? चूक झाली."

"चूक आपली आपण होत नाही. कुणीतरी करतं."

त्यांनी आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडेच बघत होती. "माझ्याकडून झाली," ते म्हणाले.

"झाली नको. केली म्हणा. आणि चूक पण नको, जे केलंत ते म्हणा."

आयुष्यभर 'आपण'च्या आडोशाला राहिलेल्या माणसाला 'मी' म्हणायला किती जड जातं, ते मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं. त्यांचं तोंड उघडे आणि मिटे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

"मी चोरी केली," ते म्हणाले. "तुमचं काम मी चोरलं."

आईनं कप त्यांच्यापुढे सरकवला. "चाय निवली तुमची. घेवा."

त्यांनी तो एका दमात संपवला, रुमालानं तोंड पुसलं आणि जरा सैल झाले. खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं. "मग लिहिता ना आता?"

"सर," मी म्हटलं, "मी तुम्हाला म्हणा म्हटलं. लिहिते, असं कधी म्हटलं?"

सरांनी पेन परत खिशात ठेवलं. मग ते उठले, पॅसेजमध्ये बसून बूट घातले आणि जिना उतरले. मी दार लावलं. मला फार बरं वाटलं, आणि अजूनही वाटतं.