टिक वाजल्यानंतरचं पेट्रोल

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीत माझ्या गॅरेजमध्ये एका गाडीखाली आडवा होतो. "भावजी, हे बागेत पडले... उठलेच नाय," वहिनी म्हणाल्या. मी बाहेर आलो, हात पुसले, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा आला तो राग. पाच महिने आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो आणि हा माणूस न बोलताच निघून गेला. रडू नंतर आलं. आता महिना होऊन गेला, रडू ओसरलंय, राग आहे तिथेच आहे. दादा किती मायाळू होता हे लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी ते लिहावं.

वडील लवकर गेले. मला वाढवलं ते दादानं, आयटीआयला घातलं तेही त्यानंच. हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्याच्या लेखी मी तिथेच थांबलो. पन्नाशी उलटली तरी गिऱ्हाइकांसमोर मला "बारक्या" म्हणून हाक मारायचा. कुणाशी ओळख करून द्यायची झाली तर, "हा आमचा धाकटा, गॅरेजात असतो." गॅरेज माझं आहे, तीस वर्षं मी गाड्या उघडतोय, हे त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. तुला तुझं काम येतं, एवढं एकदा त्यानं म्हणावं, बाकी मला काही नको होतं.

गेल्या वर्षी त्यानं पेट्रोलची नवी गाडी घेतली, अर्थात मला न विचारता. थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायला लागला. पेट्रोल भरलं की दिवा लागायचा आणि चार दिवसांनी आपोआप जायचा. दादानं गाडी घाट चढून दूरच्या मोठ्या वर्कशॉपला नेली, एकदा नव्हे, दोनदा. त्यांनी कॉम्प्युटर लावला, दिवा घालवला, गाडी धुऊन परत दिली. पुढच्या पेट्रोलला दिवा हजर! शेवटी वहिनींनीच त्याला दामटून माझ्याकडे पाठवलं.

मी टाकीचं झाकण पाहिलं, त्याचं रबर पाहिलं. ठीक होतं. स्कॅनर लावला, तर त्यानं बोट दाखवलं टाकीच्या वाफेकडे. म्हटलं, चल, तू पेट्रोल कसं भरतोस ते बघू. गुहागरच्या वाटेवर, त्याच्या गावाजवळच्या नेहमीच्या पंपावर गेलो. टाकी भरताच नोझल टिक करून आपोआप बंद झालं. दादा म्हणाला, "आजून घाल, गळ्यापर्यंत येऊ दे." आणि स्वतः मागे जाऊन दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवायला लागला! भाताची पायली हलवून हलवून भरावी तशी तो टाकी भरत होता. मला हसूच फुटलं, आणि तिथेच माझं चुकलं.

टाकीतली वाफ धरून ठेवायला गाडीत कोळशाचा एक डबा असतो. टिक वाजल्यावरही पेट्रोल कोंबलं की ते त्या डब्यात उतरतं, डबा भिजतो आणि दिवा लागतो. डबा सुकला की दिवा जातो. एवढंच होतं. मी सांगितलं, "दादा, गाडीला काही झालेलं नाही. टिक वाजली की थांबायचं."

"म्हंजे गाडी बरी नि मीच बिघडलोय?" चार माणसांत तो ओरडला. वहिनींना फोन लावून म्हणाला, "तुज्या भावजीनं काय शोधलान ठाव हाय? म्हणे पेट्रोल कमी भर! मेल्याला एवढा शिकवला तो फुकट." मला तिथेच सोडून गाडी घेऊन गेला. मी एसटीनं परतलो. नंतर ना त्यानं फोन केला, ना मी.

दादा गेल्यावर त्याच्या घरी भेटायला येणाऱ्यांत शेजारचे गुरुजी होते. हळहळून म्हणाले, "डोकं काय होतं हो दादांचं! माझ्या गाडीचा दिवा बघून एका मिनिटात म्हणाले, गुरुजी, टिक वाजल्यावर भरता ना? वर्कशॉपवाल्यांना जमलं नाही, ते मी शोधून काढलंय." दुसऱ्या दोघांनीही हेच सांगितलं. म्हणजे माझं म्हणणं त्यानं ऐकलं होतं, गावभर वाटलं होतं, आणि वर स्वतःचं म्हणून! मी फोटोतल्या त्याच्याकडे बघत राहिलो. भांडायची सोयसुद्धा ठेवली नाही या माणसानं.

तेरावं झाल्यावर वहिनींना बँकेत न्यायला मी त्याची गाडी बाहेर काढली. काटा खाली होता, म्हणून त्याच पंपावर थांबलो. पंपावरच्या बाईंनी टिक वाजताच नोझल काढून घेतलं.

"घाला अजून," मी मुद्दाम म्हणालो. का म्हणालो, माझं मला माहीत.

"नाय वो. ही दादांची गाडी. टिक वाजल्यावर थेंब नाय घालायचा, दादांनी ताकीद दिलीय." झाकण घट्ट फिरवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी कोण त्यांचे?"

"मेकॅनिक," मी म्हणालो.